स्वमग्न मुलांच्या वाद्यपेढीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

अमळनेर शहर व परिसरातील स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांनी चालविलेल्या आमच्या मंडळातर्फे हे आवाहन करीत आहोत. स्वमग्न मुलाला एखादे वाद्य शिकवावे असे अनेक पालकांना वाटते; परंतु कोणते वाद्य त्याला रुचेल हे त्याच्या कानावर, बोटांवर आणि श्वासावर अवलंबून असल्यामुळे दुकानात उभे राहून ते ठरविता येत नाही. हौसेने तबल्याची नवी जोडी आणावी आणि चाटेचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, पहिला बोल ऐकताच मुलाने कान झाकून घ्यावेत, असे आमच्यापैकी तिघांच्या घरी घडले असून त्या जोड्या आज गवसणीतच आहेत.

कानबाईच्या मिरवणुकीत ताशा कडाडला की घरात पळणारा आमच्यातील एक नऊ वर्षांचा मुलगा शेजारच्या भजनी मंडळाच्या पेटीपासून मात्र हलत नाही. आई भाता मारते आणि तो काळी दोनची पट्टी दाबून, पेटीच्या लाकडाला गाल लावून बसतो. पट्टी दाबताच स्वर निघतो आणि दर वेळी तोच निघतो, ही खात्री अशा मुलांना फार मोलाची असते. अर्थात एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या हे सर्वांना साधत नाही. त्यांच्यासाठी आवाज कमी करता येणारा, हेडफोन लावता येणारा कीबोर्ड सोयीचा ठरतो. काहींना मांडीवर घेतलेल्या ढोलकीची थरथर सुखावते, तर खंजिरीच्या चकत्यांचा किणकिणाट काहींना मुळीच सोसवत नाही. बासरीची फुंक जमेपर्यंत सूर निघत नसल्याने बहुतेक मुले ती बाजूला ठेवतात.

म्हणून मुलाला एकेक वाद्य महिनाभर घरी नेऊन पाहता यावे, अशी वाद्यपेढी आम्ही उभारीत आहोत. आपल्या माळ्यावर पडून असलेली पेटी, ढोलकी, कीबोर्ड किंवा स्वरमंडळ आम्हाला द्यावे. भाता गळत असला तरी चालेल. दुरुस्तीसाठी रोख देणगीही स्वीकारली जाईल व तिची पावती मिळेल. पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी महिन्यातून एक दिवस दिला, तर तो आम्हाला रकमेइतकाच उपयोगी पडेल. दिवे लुकलुकणारी, एकच गाणे वाजविणारी खेळणी मात्र कृपया देऊ नयेत. त्यांत मुलाने करण्यासारखे काही उरत नाही.

रविवारी सकाळी मुलांसोबत तासभर बसू शकतील अशा वादकांचीही गरज आहे. त्यांनी शिकविण्याची घाई करू नये, आणि मुलाने काही वाजविले तरी टाळ्या वाजवू नयेत, कारण त्या अचानक आवाजाने मूल वाद्य सोडून उठते.

वाद्ये दिवाळीपूर्वी मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी ५ ते ७ या वेळेत आणून द्यावीत. आणणे शक्य नसल्यास निरोप द्यावा. पालकांपैकी कोणीतरी येऊन घेऊन जाईल.

आपले नम्र,
पालक मंडळाचे कार्यकर्ते, अमळनेर