गाजर गवत फुलल्यावर कापून काय उपयोग?

मा. संपादक,

आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर दरवर्षी सप्टेंबरात गाजर गवताची कापणी होते, म्हणजे पांढरी फुलं येऊन बी झडायला लागलं की मग मशीन फिरवतात. एकेका झाडाला दहा-पंधरा हजार बिया असतात हो, त्या मशीननेच अख्ख्या प्लॉटभर उडतात आणि मातीत कितीतरी वर्षं जिवंत राहतात.

1955 च्या सुमारास हे गवत आपल्या पुण्यातच पहिल्यांदा लक्षात आलं, अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं म्हणतात, आणि आज देशभर एक रस्त्याची कड रिकामी नाही. माझ्या आईच्या हातांना निंदणी करून अशी खाज सुटायची की रात्रभर झोप नाही, म्हणून हे लिहितेय.

उपाय माहीत नाहीत असं नाहीये. फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं, हातात ग्लोव्हज आणि तोंडाला रुमाल बांधूनच. मोठ्या पडीक जागेत मेक्सिकन भुंगे सोडायचे, ते 1983 च्या आसपास भारतात आणलेत, पावसाळ्यात पानं फस्त करतात, पण पाऊस संपला की जमिनीत दडून बसतात त्यामुळे नुसत्या त्यांच्यावर भागत नाही. गवत काढलेल्या जागी तरोट्याचं बी टाकलं तर तो दाट वाढून याला डोकं वर काढू देत नाही.

हे एका वर्षाचं काम नाही, मातीतलं बी संपेपर्यंत दर पावसाळ्यात करावं लागेल. निदान पुढच्या वर्षी कापणी जुलैत तरी करा.

– एक वाचक, पुणे