विमानातून दिसणारा खडक

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

विमानातून जमिनीखालचे कळते, तर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक का पाडावे लागले, हा बाबांचा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत संपणारा नव्हता, म्हणून लिहिते आहे.

इकडे अमेरिकेत सुपीरियर सरोवरापासून कॅन्ससपर्यंत सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी खंड फाटू लागला; भेगेतून आलेल्या लाव्हाचे कित्येक किलोमीटर जाडीचे थर साचले, पण समुद्र तयार होण्याआधीच ते फाटणे थांबले. मिनेसोटात हा खडक बहुतेक ठिकाणी हिमनद्यांनी टाकलेल्या माती-गोट्यांखाली गाडला गेला आहे. विमान कमी उंचीवरून, भेगेला आडव्या समांतर रेषांत उडते आणि त्याच्या शेपटीमागच्या दांड्यातला मॅग्नेटोमीटर चुंबकीय क्षेत्र मोजत जातो. (मी विमानात बसत नाही, आकडे तपासते, आईने काळजी करू नये.) सूर्यामुळे दिवसभरात होणारा चढउतार जमिनीवरचे दुसरे यंत्र नोंदवते आणि आम्ही तो वजा करतो. लाव्हा सुमारे ५८० अंश सेल्सिअसखाली निवला की त्यातले मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवते. इथल्या सुरुवातीच्या लाव्हात ही दिशा आजच्या उलट आहे, नंतरच्यात सुलट; त्यामुळे एकही दगड न उचलता नकाशावर जुने-नवे थर वेगळे ओळखू येतात. मला या कामात सर्वांत मौज वाटते ती याचीच.

आपल्याकडे अडचण नेमकी उलटी आहे. मिनेसोटातली माती जवळजवळ चुंबकहीन, म्हणून खालच्या लाव्हाचे म्हणणे स्वच्छ वर येते. मराठवाड्यात मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण हेच पांघरूण आहे आणि तोच चुंबकीय असल्याने त्याच्या गोंगाटात खालचे क्षीण संकेत हरवतात. संगणकाने तो काही प्रमाणात वेगळा काढता येतो, पण खात्री भोक पाडल्याशिवाय होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला तेच केले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला.

आणि बाबा, चुंबकाला पाणी कळत नाही. बोअर घ्यायचाच असेल तर पाणाड्याच्या नारळावर विसंबू नका. खडकाची विद्युतरोधकता मोजून घ्या आणि शेजारच्या विहिरींत मांजऱ्या (मऊसर, सच्छिद्र खडक) किती खोलीवर लागला, तेही विचारून ठेवा.

आपली,
लेक