शाळा उघडण्याआधी वर्गाच्या खिडक्या उघडा

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

साथीमुळे बंद ठेवलेल्या शाळा पुन्हा सुरू करण्याचा आपला विचार योग्य आहे, आणि त्याला आणखी विलंब होऊ नये असेच मला शिक्षिका म्हणून वाटते. मात्र अशा वेळी निघणाऱ्या आदेशांत फवारणी, जंतुनाशक आणि प्रवेशद्वारावरची तापमान तपासणी यांवरच भर असतो आणि वर्गातल्या हवेचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो, म्हणून हे पत्र.

कोरोनाच्या साथीत बाके पुसण्यावर महिनोन्‌महिने श्रम आणि पैसा खर्च झाला. पुढे एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने पृष्ठभागांच्या स्पर्शातून लागण होण्याचा धोका एकंदर कमी असल्याचे स्पष्ट केले. श्वासावाटे पसरणाऱ्या आजारात खरा प्रश्न कोंदट खोलीचा असतो. वर्गात जाऊन पाहिले तर एखादी खिडकी रंगाने चौकटीला चिकटलेली असते, दुसरीची कडी गंजलेली असते, तिसरीसमोर जुने कपाट उभे असते, आणि तरीही तपासणीच्या तक्त्यात ‘वायुवीजन : आहे’ अशी नोंद होते. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र भरलेल्या वर्गात तासभर ठेवले, तर या नोंदीचा खरेखोटेपणा लगेच कळतो. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असते; वर्गात ते दीड-दोन हजारांवर गेले, तर मुले एकमेकांनी सोडलेलीच हवा पुन्हा आत घेत आहेत, असे समजावे. यंत्र प्रत्येक वर्गाला हवेच असे नाही, एकच यंत्र आळीपाळीने सगळीकडे फिरवता येते. खिडकी दुरुस्तीचा निधी मात्र शाळेच्या हाती आधी पडायला हवा, आदेश नंतर आला तरी चालेल.

बंद इमारतीतले पाणी हाही दुर्लक्षित विषय आहे. नळांत आणि टाक्यांत साचून राहिलेल्या पाण्यात लेजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात, त्यामुळे टाक्या धुऊन सगळे नळ बराच वेळ वाहते ठेवल्याशिवाय मुलांना आत घेऊ नये.

डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी लहान मुलांचे वर्ग आधी सुरू केले, छोटे ठरावीक गट केले आणि जमेल तेवढे शिक्षण उघड्यावर नेले. गट ठरलेले असले, की रुग्ण आढळल्यावर सगळ्या शाळेला कुलूप लावण्याची वेळ सहसा येत नाही. म्हणून कोणत्या परिस्थितीत एक गट घरी राहील आणि कोणत्या परिस्थितीत शाळा बंद होईल, हे आपण आधीच लेखी जाहीर करावे. नाहीतर पहिल्याच तापाच्या बातमीनंतर तो निर्णय भीतीपोटी घेतला जाईल.

आणखी एक, तशी बिनखर्चाची विनंती : शंभर टक्के उपस्थितीची बक्षिसे तूर्त थांबवावीत. त्यांच्यापायी अंगात कणकण असलेले मूलही शाळेत येते, आणि पालकही त्याला पाठवतात. आजारपणाची रजा उपस्थितीतून वजा होणार नाही, आणि आजारी शिक्षकाचा पगार कापला जाणार नाही, एवढे परिपत्रकात स्पष्ट असावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक शिक्षिका