‘मोफत इन्स्टॉलेशन’साठी गेलेले 12,830 रुपये : तक्रार पत्र

दिनांक : 2 जुलै 2025
डोंबिवली (पूर्व), जि. ठाणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : तीन झोनच्या बिल्ट-इन इंडक्शन हॉबच्या इन्स्टॉलेशनचा खर्च खरेदीपूर्वी न सांगितल्याबद्दल व असुरक्षित जोडणी करून दिल्याबद्दल तक्रार.

महोदय,

आपल्या कंपनीचा इंडक्शन हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची तीन झोनची (भांडी तापवायच्या तीन जागांची) विजेची शेगडी, मी 2 जून 2025 रोजी आपल्याच संकेतस्थळावरून 41,990 रुपये भरून घेतला. ऑर्डर क्रमांक, बिल आणि सर्व पावत्या सोबत जोडल्या आहेत. हॉबबद्दल माझी काहीच तक्रार नाही, हे आधीच सांगते. वस्तू चांगली आहे. माझी तक्रार आहे ती वस्तू घरात पोहोचल्यापासून प्रत्यक्ष चालू होईपर्यंतच्या अठरा दिवसांबद्दल, आणि त्या अठरा दिवसांत गेलेल्या 12,830 रुपयांबद्दल. खरेदी करताना यातल्या एका रुपयाचीही कल्पना मला कुणी दिली नव्हती.

हॉब का घेतला ते सांगितल्याशिवाय पुढचं आपल्याला कळणार नाही. माझी आई 81 वर्षांची आहे आणि दुपारी घरात एकटीच असते. एप्रिलमध्ये तिने दूध तापत ठेवलं, ते उतू जाऊन गॅस विझला, आणि ती आतल्या खोलीत जाऊन झोपली. मी कामावरून आले तर जिन्यातच गॅसचा वास. दार उघडून, दिव्याच्या बटणाला हात न लावता, अंधारातच खिडक्या उघडल्या आणि रेग्युलेटर बंद केला. आईला काही झालं नाही. पण घरात सिलिंडर ठेवायचा नाही हे त्याच रात्री आम्ही ठरवलं. इंडक्शनवर भांडं नसेल तर ते आपोआप बंद होतं, आच नसते, गळती नसते. म्हणून ही खरेदी. हौस म्हणून नाही.

संकेतस्थळावर हॉबच्या किमतीखालीच हिरव्या चौकटीत ‘मोफत इन्स्टॉलेशन’ असं लिहिलेलं होतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडला आहे. तरी खात्री करावी म्हणून मी ऑर्डरच्या आधी आपल्या हेल्पलाइनला फोन केला. फोनवरच्या ताईंनी सांगितलं, “मॅडम, काहीच द्यायचं नाही, आमचा माणूस येऊन लावून देईल.” आमच्या घरात किती अँपिअरचा पॉइंट आहे, वायरिंग किती जुनं आहे, ओटा कापलेला आहे का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही, आणि विचारायला हवं हे मला ठाऊक नव्हतं.

6 जूनला हॉब आला. 9 जूनला आपला तंत्रज्ञ आला. त्याने खोकं उघडलं, हॉब ओट्यावर ठेवून कंट्रोल कसे चालतात ते दाखवलं आणि म्हणाला, ग्रॅनाइट कापून घ्या, मग फोन करा. जाताना त्याने माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. मला वाटलं, येऊन गेल्याची नोंद असेल, म्हणून दिला. संध्याकाळी संदेश आला : “आपले इन्स्टॉलेशन यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे.” हॉब तेव्हा खोक्यात होता. ही नोंद अजून तशीच आहे आणि माझी वॉरंटी 9 जूनपासून धरली गेली आहे. काम पूर्ण होण्याआधी ओटीपी घेऊन तक्रार बंद करायची ही पद्धत फार वाईट आहे. पुढच्या प्रत्येक फोनला मला एकच उत्तर मिळालं, “तुमचं इन्स्टॉलेशन तर झालेलं दिसतंय.”

ग्रॅनाइट कापायला 1,800 रुपये लागले. 12 जूनला दुसरा तंत्रज्ञ आला. हे ‘दुसरं’ इन्स्टॉलेशन असल्यामुळे 500 रुपये व्हिजिट चार्ज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 590 रुपये त्याने घेतले. हॉब कापलेल्या जागेत बसला. मग त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, इथे 32 अँपिअरची लाइन नाहीये.” आमची इमारत 27 वर्षांची आहे. स्वयंपाकघरात मिक्सर-ओव्हनसाठी एक 16 अँपिअरचा पॉइंट आहे, तेवढाच. मी विचारलं, मग आता? त्याने हॉबच्या वायरला साधा 16 अँपिअरचा प्लग टॉप लावला, सॉकेटमध्ये खोचला आणि सांगितलं, “वापरा बिनधास्त, फक्त तिन्ही एकदम लावू नका.”

16 जूनच्या संध्याकाळी एका झोनवर वरणभाताचा कुकर आणि दुसऱ्यावर भाजी होती. म्हणजे त्याने सांगितल्याप्रमाणे दोनच. आई शेजारी स्टुलावर बसून गवार मोडत होती. वीसेक मिनिटांनी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आधी वाटलं, कढईचं हँडल तापलं असेल. मग ओट्याखाली पाहिलं तर पांढरा प्लग तपकिरी झालेला, आणि सॉकेटच्या एका भोकाभोवतीचं प्लॅस्टिक फुगून वर आलेलं. मुख्य स्विच बंद करून पंधरा मिनिटांनी प्लग उपसला, तरी पिना बोटांना सोसवत नव्हत्या. तो प्लग मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. फोटो जोडले आहेत. आपल्याकडच्या कुणालाही तो पाहायचा असेल तर अवश्य यावं.

आईला आगीपासून वाचवायला जी वस्तू आणली, तिच्या जोडणीतच ती जळण्याची वेळ आली होती. हे लिहितानाही माझा हात थरथरतो.

या सगळ्यामागचं गणित शाळेतल्या विज्ञानाइतकं साधं आहे. हॉबच्या मागच्या पट्टीवर 7,200 वॅट लिहिलं आहे. 230 व्होल्टला भागलं की 31 अँपिअर होतात. 16 अँपिअरच्या सॉकेटची क्षमता जेमतेम 3,680 वॅट. आपल्या माहितीपुस्तिकेप्रमाणे दोन मोठे झोन पूर्ण ताकदीवर लावले तरी ही क्षमता ओलांडली जाते. म्हणजे ‘तिन्ही एकदम लावू नका’ हा सल्लाच मुळात चुकीचा होता. नंतर आलेल्या इलेक्ट्रिशियनने आमचा जुना किटकॅट फ्यूज (चिनीमातीचा, आत तार घालायचा) उघडून दाखवला. त्यात कुणीतरी कधीकाळी जाड तार भरून ठेवली होती, म्हणून फ्यूज उडाला नाही आणि सगळी उष्णता प्लगवर आली. फ्यूज आमच्या घरातला, ती चूक आमची. पण प्रशिक्षित माणसाने 7,200 वॅटचं उपकरण जोडण्यापूर्वी फ्यूज उघडून पाहायला नको का?

माहितीपुस्तिका मी त्या रात्री नीट वाचली. पान 14 वर स्पष्ट छापलं आहे : स्वतंत्र 32 अँपिअरची लाइन, 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, डबल पोल एमसीबी (प्रवाह जास्त झाला की दोन्ही तारा तोडणारा स्विच), अर्थिंग, आणि प्लगने जोडणी करू नये. आपल्या अभियंत्यांनी ही काळजी घेतली याबद्दल मला आदरच आहे. पण ही पुस्तिका खोक्यात थर्मोकोलच्या खाली असते आणि खोकं पैसे भरल्यानंतरच उघडतं. याच चार ओळी संकेतस्थळावर किमतीखाली असत्या, तर मी आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून खर्च विचारला असता. कदाचित दोन झोनचा, कमी वॅटचा हॉब घेतला असता. निदान ठरवायची संधी मला मिळाली असती.

17 तारखेला हेल्पलाइनवर उत्तर मिळालं की वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी आहे. मान्य. मग ते विकताना का नाही सांगितलं? दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती जास्त गंभीर आहे : बाहेरच्या इलेक्ट्रिशियनकडून काम करून घेतलं तर वॉरंटी रद्द होईल. घाबरून मी आपल्याच अधिकृत सेवा केंद्राचा माणूस बोलावला. तो 20 जूनला आला, पुन्हा 590 रुपये घेतले, आणि एका डिलिव्हरी चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने अंदाज लिहून दिला : केबल 4,620, एमसीबी सेट 4,900, मजुरी 5,500, साइट चार्जेस 1,500. एकूण 16,520 रुपये, रोख. बिल मिळेल का विचारल्यावर म्हणाला, “बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा लागेल.” साइट चार्जेस म्हणजे काय, हे त्याला सांगता आलं नाही. तो कागदही जोडला आहे.

मी नाही म्हटलं आणि ओळखीतल्या एका परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावलं. घरातल्या वायरिंगमध्ये भर घालण्याचं काम परवानाधारकाकडूनच व्हायला हवं, असा विद्युत सुरक्षेचा नियमच आहे. त्याने मीटरपासून ओट्यापर्यंत अकरा मीटर नवी लाइन ओढली, किटकॅट काढून डबल पोल एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवली, अर्थिंग तपासलं आणि हॉब 32 अँपिअरच्या स्विचला थेट जोडला. साहित्य 6,350, मजुरी 3,500, एकूण 9,850 रुपये, पक्क्या बिलासह. 24 जूनला हॉब खऱ्या अर्थाने चालू झाला. अधिकृत माणसाने सांगितलेला आकडा यापेक्षा 6,670 रुपयांनी जास्त होता, आणि त्यात आरसीसीबी धरलेलीही नव्हती.

16 ते 24 जून आमची चूल बंद होती. ओटा कापल्यामुळे गॅसची शेगडी ठेवायला जागा नव्हती, आणि असती तरी आईला एकटीला सोडून मी ती पेटवू दिली नसती. आठ दिवस पोळीभाजी केंद्रातला डबा आणला. आईला तिखट चालत नाही. ती भाजी पाण्याने धुऊन खायची. त्याचे पैसे मी मागत नाही, पण ते आपल्या कानावर घालणं मला गरजेचं वाटलं. जुना ॲल्युमिनियमचा कुकर आणि पितळेची पातेली इंडक्शनवर चालत नाहीत म्हणून नवी भांडी घ्यावी लागली, तो खर्चही मी यात धरलेला नाही. ते मला आधी माहीत होतं, कारण ती सूचना आपल्या संकेतस्थळावर आहे. भांड्यांबद्दल सांगता येतं, तर वायरबद्दलही सांगता आलं असतं. महावितरणकडे मंजूर भार वाढवण्यासाठी मी वेगळा अर्ज केला आहे, त्याचा आकार त्यांचा त्यांना भरेन.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार वस्तूच्या व सेवेच्या किमतीची माहिती मिळणं हा माझा हक्क आहे. ई-कॉमर्सबद्दलच्या 2020 च्या नियमांनुसार विक्रेत्याने सर्व आकारांसह एकूण किंमत दाखवायला हवी. सुरुवातीला कमी किंमत दाखवून बाकीचे आकार मागाहून उघड करणं, याला केंद्र सरकारने 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या संकेतस्थळांवरच्या युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणून मनाई केली आहे. ‘मोफत इन्स्टॉलेशन’ म्हणून विकून दोन वेळा 590 रुपये घेणं यापेक्षा वेगळं नाही.

वायर माझ्या भिंतीत राहणार आहे, एमसीबी माझ्या घराची आहे, ओटा माझा आहे. त्यामुळे 9,850 आणि 1,800 रुपये मी आपल्याकडे मागत नाही. मागते ते एवढंच. दोन्ही व्हिजिट चार्ज मिळून 1,180 रुपये परत करावेत. 9 जूनची खोटी नोंद रद्द करून वॉरंटी 24 जून 2025 पासून धरावी. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने केलेल्या लाइनमुळे वॉरंटीला बाधा येत नाही, हे मला लेखी द्यावं. बिलाशिवाय रोख 16,520 रुपये मागणाऱ्या सेवा केंद्राची चौकशी करून काय कारवाई झाली ते कळवावं. 12 जूनला प्लग लावून गेलेल्या तंत्रज्ञाला काढून टाका असं मी म्हणत नाही. तरुण मुलगा होता, त्याला बहुधा कुणी नीट शिकवलंच नसेल. पण त्याला, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना, पान 14 वाचून दाखवा. तोपर्यंत तो आणखी किती घरांत असे प्लग खोचून येईल, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

आणि संकेतस्थळावरच्या त्या हिरव्या चौकटीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, एवढं लिहा की या हॉबला स्वतंत्र 32 अँपिअरची लाइन लागते, ओटा कापावा लागतो, आणि हा खर्च ‘मोफत’मध्ये येत नाही. पैसे परत मिळाले आणि हे झालं नाही, तर माझं समाधान होणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. माझ्या खरेदीच्या रकमेला तिथे शुल्क लागत नाही आणि कागद सगळे माझ्याकडे तयार आहेत.

सोबत बिल, संकेतस्थळाच्या पानाचा स्क्रीनशॉट, ओटीपीनंतर आलेला संदेश, व्हिजिट चार्जच्या दोन पावत्या, चलनामागे लिहिलेला अंदाज, इलेक्ट्रिशियनचं बिल आणि जळलेल्या प्लगचे चार फोटो जोडले आहेत. फोनवर बोलायचं असल्यास संध्याकाळी सातनंतर करावा. दुपारी फोन आई उचलते, तिला यातलं पुन्हा काही सांगू नये ही विनंती.

आपली,
नोंदणीकृत ग्राहक
(नाव, पत्ता व दूरध्वनी बिलावर दिल्याप्रमाणे)