घर किती खोल्यांचे, हे विचारून गाडीचे भाडे कसे ठरते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका शहरातून दूरच्या दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवण्याविषयी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून लेख येतात. काच कशात गुंडाळावी, खोक्यांवर काय लिहावे, हे त्यांत भरपूर असते. पैशाचा विषय मात्र 'तीन-चार वाहतूकदारांकडून दर मागवा आणि तुलना करा' एवढ्यावर संपतो. तुलना कशाशी कशाची करायची, हे राहूनच जाते. फोनवर पहिला प्रश्न येतो, 'घर किती खोल्यांचे?' आणि उत्तर ऐकताच आकडा सांगितला जातो. त्या आकड्यात सामान किती धरले आहे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग सामान चढवायच्या दिवशी गाडी भरते, चार नग खाली राहतात आणि जादा पैशांची बोलणी सुरू होतात. त्याच संध्याकाळी घराची किल्ली परत द्यायची असल्यामुळे त्या बोलण्यांत आपली बाजू लंगडी असते.

हे टाळायला एक मोजपट्टी आणि एक सुटीचा दिवस पुरतो. प्रत्येक वस्तू ज्या चौकोनी खोक्यात मावेल, त्याची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घेऊन गुणाकार करायचा. तीन माणसांचा सोफा ७×३×३, म्हणजे ६३ घनफूट. उंच फ्रिज २.५×२.५×६, म्हणजे ३७.५. जेवणाचे टेबल आहे तसे धरले तर ५×३×२.५, म्हणजे तेही ३७.५, पण पाय सुटत असतील तर वरची फळी आणि पायांचा गठ्ठा मिळून पाच-सहा घनफुटांत बसते. नुसते चार बोल्ट काढून बत्तीसएक घनफूट वाचतात. म्हणून यादीत प्रत्येक वस्तूपुढे 'सुटते' की 'सुटत नाही', हेही लिहावे. सुट्या सामानासाठी १८×१८×२४ इंची मोठे खोके साडेचार घनफुटांचे आणि पुस्तकांसाठी १६×१२×१२ इंची लहान खोके सव्वा ते दीड घनफुटाचे धरावे. तीन फूट लांबीच्या फळीवरची पुस्तके एकदोन लहान खोक्यांत जातात. बहुतेकांची यादी चुकते ती माळा, बाल्कनी आणि पलंगाखालचे कप्पे विसरल्यामुळे.

आता गाडी. आतून १४ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच असलेल्या गाडीची जागा ५०४ घनफूट भरते. तेवढे सामान तिच्यात कधीच मावत नाही, कारण वस्तूंमधल्या फटींत पंधरा टक्के जागा सहज जाते. हिशेबाला ४३० घनफूट धरावी. घरगुती सामानाचे वजन घनफुटाला ७ पौंड, म्हणजे सव्वातीन किलोंच्या आसपास धरण्याचा या धंद्यात जुना प्रघात आहे. त्या हिशेबाने ही गाडी भरून वजन चौदाशे किलोंच्या आतच राहते. घराची गाडी सहसा वजनाने नाही, जागेने भरते, आणि म्हणून दर जागेवर मागावा. ज्यांच्याकडे पुस्तकांची चार कपाटे आहेत त्यांनी वजनही वेगळे सांगावे. त्याच कारणाने पुस्तके मोठ्या खोक्यात भरू नयेत. साडेचार घनफुटांचे खोके पुस्तकांनी भरले की सत्तर किलोंच्या घरात जाते. ते एकट्याला उचलत नाही आणि जिन्यात तळ सुटतो.

यादी तयार झाली की तीच सगळ्यांना पाठवायची आणि प्रत्यक्ष पाहणी करूनच लेखी दर द्यायला सांगायचे. पाहणी टाळणाऱ्याचा आकडा कितीही गोड असला तरी तो बाजूला ठेवावा. दरपत्रकात एकूण घनफूट, बांधणीचे साहित्य, चढवणे-उतरवणे, टोल, कर आणि विमा वेगळे लिहिलेले हवेत. सगळे एकाच रकमेत गुंडाळलेले असेल तर त्यातले काय वगळले आहे, ते नंतर उघड होते. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये; मोठा हिस्सा सामान उतरल्यावर, असे कागदावर ठरवावे. फार कमी दर सांगून सामान चढवून घ्यायचे आणि मग वाढीव रकमेसाठी गाडी अडवून धरायची, ही फसवणूक जगभर चालते. त्या वेळी हाताशी लागतो तो वस्तूंची यादी जोडलेला, सही केलेला दर.

पुढचा प्रश्न न्यायचे काय आणि विकायचे काय. इथे लोक भावनेने ठरवतात किंवा घाईने. हिशेब सोपा आहे. एकूण दराला एकूण घनफुटांनी भागले की एका घनफुटाचा खर्च मिळतो. त्याला वस्तूच्या घनफुटांनी गुणा. त्यात ती खोलण्या-जोडण्याची मजुरी आणि बांधणीचा खर्च मिळवा. ही रक्कम एका बाजूला. दुसऱ्या बाजूला नव्या शहरात त्याच प्रतीची वस्तू घ्यायला लागणारे पैसे, वजा इथे विकून हाती येणारे. पहिली रक्कम मोठी निघाली तर वस्तू विकावी. भुशाच्या दाबीव फळ्यांचे कपाट या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होते, शिवाय एकदा खोलले की त्याचे स्क्रू पुन्हा घट्ट धरत नाहीत. सागवानी कपाट सहसा पास होते.

या हिशेबात एक खोच आहे. पूर्ण गाडी घेतली असेल तर एक सोफा कमी केल्याने भाडे एका पैशानेही कमी होत नाही. त्या जागेतून वारा प्रवास करतो. वस्तू विकून फायदा होतो तो एकतर सामान लहान गाडीत बसण्याइतके घटले तरच, नाहीतर पार्ट लोडने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर वाटणीच्या गाडीने पाठवत असाल तर. तेव्हा आधी गाडीचा प्रकार ठरवावा, मग विक्रीची जाहिरात द्यावी. उलट क्रमाने केले की सोफाही जातो आणि भाडेही तेवढेच राहते.

पार्ट लोड स्वस्त असतो आणि त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली वेळेत. गाडी भरेपर्यंत सामान गोदामात थांबते, त्यामुळे पोहोचण्याची तारीख मिळत नाही, 'अमुक ते अमुक दिवसांत' अशी मुदत मिळते. त्या मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत गादी, भांडी आणि कपड्यांशिवाय राहण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरायला हवा. दुसरी किंमत हाताळणीत. घरातून गाडीत, गाडीतून गोदामात, तिथून मोठ्या गाडीत, आणि दुसऱ्या टोकाला बऱ्याचदा पुन्हा तसेच. तुटफूट रस्त्यावर होते त्याहून जास्त या चढउतारीत होते. म्हणून पार्ट लोडला तीन पदरी पुठ्ठ्याचे खोके चालत नाहीत, पाच पदरीच हवेत, आणि प्रत्येक नगावर आकडा, नाव आणि पोहोचायचे शहर दोन बाजूंना लिहिलेले हवे.

दरपत्रक बरोबर असूनही खर्च वाढतो तो बहुतेक वेळा दारापाशी. किती मजले, लिफ्ट आहे का, सामानासाठी ती कोणत्या वेळेत वापरू देतात, गाडी दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशीच थांबते, शहरात अवजड वाहनांना कोणत्या वेळी बंदी आहे. मोठी गाडी आत येत नसेल तर लहान गाडीने फेऱ्या माराव्या लागतात. ती गाडी, तिचे हमाल आणि मोठ्या गाडीचे थांबून राहण्याचे पैसे, असा तिहेरी खर्च पडतो. हे प्रश्न दोन्ही पत्त्यांसाठी विचारावेत. नव्या घराचा दरवाजा, लिफ्टचे आतले माप आणि जिन्याचे वळण कोणाकडून तरी मोजून घ्यावे. सोफा दारातून आत जाणार नाही, हे निघण्यापूर्वी कळलेले स्वस्त पडते.

अंदाजपत्रक करताना नुसती बेरीज पुरत नाही, तारखाही लागतात. नव्या घराची अनामत आणि पहिले भाडे आधी द्यावे लागते, जुन्या घराची अनामत किल्ली दिल्यावर आणि घराची पाहणी झाल्यावर परत येते. मधल्या काळात गाडीचा आगाऊ हप्ता, प्रवासाची तिकिटे आणि गाडीचे उरलेले भाडे हे सगळे हातच्या पैशांतून जाते. एकूण खर्च परवडणारा असूनही लोक उसनवारी करतात ती या मधल्या दिवसांमुळे. कागदावर तारखेनुसार 'येणे' आणि 'देणे' असे दोन रकाने मांडले की शिल्लक सर्वांत खाली कोणत्या दिवशी जाते ते दिसते. तेवढी रक्कम हाताशी असल्याशिवाय निघू नये. दोन्ही घरांचे भाडे आठवडाभर दुहेरी भरावे लागेल हे गृहीतच धरा. नोकरीच्या ठिकाणाहून खर्च मिळणार असला तरी तो सहसा बिले दिल्यावर मिळतो, त्याला कमाल मर्यादा असते आणि बिल कोणाच्या नावे हवे याचा नियम असतो. हे आधी लेखी विचारून घ्यावे. अनपेक्षित खर्चासाठी एकूण रकमेच्या दहा ते पंधरा टक्के बाजूला ठेवावेत. तारीख हातात असेल तर महिनाअखेर, शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्यांचे आठवडे टाळावेत. तेव्हा मागणी जास्त, दर चढे आणि हमाल दमलेले असतात.

यंत्रांचा खर्च वेगळा मांडावा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, आतून कोरडा करून उभाच न्यायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत शिरते. अशा वेळी पोहोचल्यावर तो उभा करून काही तास, आणि फार वेळ आडवा राहिला असेल तर दिवसभर, थांबूनच सुरू करावा. समोरून दार असलेल्या कपडे धुण्याच्या यंत्राला खरेदीच्या वेळी मागच्या बाजूने ड्रम आवळणारे लांब बोल्ट येतात. बसवताना ते काढतात आणि मग कुठे जातात कोण जाणे. ते नसतील तर निघण्यापूर्वी त्याच मॉडेलचे मागवून घ्यावेत, नाहीतर लोंबता ड्रम धक्क्यांनी स्प्रिंगा आणि दट्टे खराब करतो. दोन भागांच्या एसीला काढणे, नेणे आणि बसवणे असे तीन खर्च आहेत, आणि बसवताना तांब्याची नळी कमी पडली किंवा गॅस भरावा लागला तर चौथा. जुना एसी या हिशेबात कित्येकदा न्यायच्या लायकीचा उरत नाही. टीव्हीचा पातळ पडदा उभाच न्यावा. गॅसचे सिलिंडर, रंग, स्पिरिट आणि दाबाचे फवारे गाडीत अजिबात नकोत.

विम्याबद्दल एवढेच सांगतो की वाहतूकदार 'आमची जबाबदारी' म्हणतो तो विमा नव्हे. त्याची जबाबदारी कित्येकदा वजनावर किंवा एका ठरावीक रकमेवर बांधलेली असते. पॉलिसी वेगळी मागावी आणि चार गोष्टी वाचाव्यात. फक्त अपघातात सगळे नष्ट झाले तरच पैसे मिळतात की एखादा नग फुटला तरी? भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने की घसारा वजा जाता? स्वतः बांधलेली खोकी धरली आहेत का? पुष्कळ पॉलिसींत ती नसतात. आणि हप्ता वाचवायला सामानाची किंमत निम्मी लिहिली, तर नुकसानीची भरपाईही निम्मीच मिळू शकते. दागिने, रोकड आणि मूळ कागदपत्रे सहसा विम्यात येत नाहीत, ती स्वतःजवळ ठेवावीत.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख आला तर त्यासोबत घनफुटांचा एक कोरा तक्ता छापावा, ही विनंती. वाहतूकदारांनीही खोल्यांवर दर सांगणे सोडून दरपत्रकावर घनफूट लिहावेत. प्रामाणिक धंदा करणाऱ्यांचाच त्यात फायदा आहे.

आणखी एक. सामान उतरल्यावर पावती पुढे केली जाते आणि दमलेला माणूस न वाचता सही करतो. यादीतला प्रत्येक आकडा मोजून झाल्याशिवाय सही करू नये. खोके चेपलेले, ओले किंवा उघडलेले दिसले तर सहीपूर्वी पावतीवरच तसे लिहावे आणि त्याचा फोटो काढावा. 'सामान सुस्थितीत मिळाले' या छापील ओळीखाली सही झाली की पुढचा दावा फार अवघड होतो.

आपला,
मालवाहतुकीच्या व्यवसायातील एक वाचक