अंबाझरीचा ओव्हरफ्लो

नागपूर, १६ जून

प्रिय विन्या,

दिवाळीपासून तुला पत्र नाही. शिव्या नंतर घाल, आधी वाच. तब्येती ठीक, आईचा गुडघा तसाच.

काल रात्री पहिला मोठा पाऊस आला. विजा ऐकून उठलो तर बाबा बैठकीत टॉर्च घेऊन उभे. घराचे कागद, आईची औषधं, पासबुकं, सगळं माळ्यावर चढवून झालेलं. म्हणाले, "नाल्याचा आवाज ऐकून राहिलो." अंगणात डबकंही नव्हतं बे!

हेच बाबा २३ मे २०१३ ला, पारा ४७.९ वर असताना, खिशात कांदा घालून भर दुपारी कूलरच्या ताट्या आणायला बर्डीच्या बाजारात गेले होते. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, मग हवामान खात्याने यंत्रच बिघडल्याचं सांगितलं. बाबा म्हणाले, "यंत्र पुण्याचं असंन." (तुला टोमणा होता.) डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांवर तू दोन रजयांत कुडकुडत होतास आणि हे गच्चीवर फिरत होते.

पण २३ सप्टेंबर २०२३ ने माणूस बदलला. महालक्ष्म्या अजून घरात होत्या. पहाटेपर्यंत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली. शाळा बुडवून आपण जो ओव्हरफ्लो बघायला जायचो, तो स्वतःच भेटायला आला. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. (लहानपणी त्या ओव्हरफ्लोवर तूच मला ढकललं होतंस. मी घसरलो नव्हतो. आजही तेच म्हणतो.)

आता पेच असा. भाऊ म्हणतो, हे घर विका, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घ्या. मी बघून आलो. अगदी वरचा मजला, डोक्यावर नागडा स्लॅब. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांत, तिथे रात्री दोनलाही भिंतीला हात लावता येणार नाही, आणि आईला कूलरची दमट हवा सोसत नाही. खाली राहावं तर पावसाळाभर बाबा जागे. त्यांना विचारलं की म्हणतात, "मले काय झालं?" आणि टॉर्चचे सेल बदलतात.

तुझ्या बदलीचं कळलं, अभिनंदन. वहिनींना नमस्कार, पोरीला दहावीसाठी शुभेच्छा.

रविवारी बाबांना फोन कर. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात, का ते देव जाणे. मी सांगितलं म्हणू नको. आधी संत्र्याच्या बागेचा विषय काढ, मग घराकडे वळ.

तुझा,
बंड्या