नागपूरच्या महाल भागातल्या वाद्यांच्या दुकानवाल्या काकाजींना

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुकानात आभार मानायची सोय नाही. कोणी तसं बोलायला लागलं की तुम्ही म्हणता, "राहू द्या जी, मागे गिऱ्हाईक उभं आहे." आणि मागे खरंच गिऱ्हाईक उभं असतं, त्यामुळे वादही घालता येत नाही. म्हणून हे जाहीर पत्र. आमच्या महिला भजन मंडळाच्या वतीने लिहिते आहे, पण ठरावाच्या भाषेत लिहिणार नाही. ठराव आमच्या सचिवबाई लिहितात, फार छान लिहितात, आणि ते रजिस्टरच्या बाहेर कधी येत नाहीत.

आधी सेलबद्दल. दिवाळी तोंडावर आली की बर्डीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि दर दुसऱ्या दुकानावर अर्ध्या किमतीची पाटी असते. आधी किंमत फुगवायची आणि मग ती कापून दाखवायची, हे आता शाळेतल्या पोरांनाही कळतं. तुमच्याकडे प्रत्येक वाद्याला सुतळीने बांधलेलं पुठ्ठ्याचं कार्ड असतं आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेली किंमत. सेल लागला की त्या आकड्यावर एक रेघ आणि खाली नवा आकडा. आमच्यातल्या एक ताई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी एका ढोलकीच्या कार्डावर उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत नजर ठेवली होती (स्वभावच तो, काय करणार) आणि वरचा आकडा जागचा हलला नाही, असं त्यांनी भर बैठकीत जाहीर केलं. तेव्हापासून मंडळाची खरेदी कुठे करायची यावर चर्चा झालेली नाही.

पण मला आभार मानायचे आहेत ते सवलतीचे नाहीत. "आता घेऊ नका" असं सांगितल्याबद्दल मानायचे आहेत.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. डांबर वितळत होतं, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, आणि आम्ही चौघीजणी मंडळासाठी तबला-डग्गा घ्यायला आलो. बाहेर उन्हाळी सुटीच्या सवलतीचा फळा लावलेला होता. पैसे जमलेले होते, पावती कोणाच्या नावे करायची तेही ठरलं होतं. तुम्ही तबल्यावर एक टिचकी मारली आणि म्हणालात, "ऐका. ठणठण बोलून राहिला ना? हे ऊन बोलून राहिलं." मग समजावून सांगितलंत. कोरड्या उन्हात कातडं ताणतं, सूर चढतो. पावसाची हवा लागली की तेच कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि सूर खाली येतो. आज ऐकून काळी चारच्या सुराचा म्हणून नेलेला तबला आषाढात कुठे बसेल त्याचा भरवसा नाही. "पाणी पडू द्या, तेव्हा कसा बोलते ते पाहा, अन् मग घ्या. नाहीतर श्रावणात म्हणाल का काकाजीनं फसवलं." हाती आलेलं गिऱ्हाईक परत पाठवताना तुमच्या चेहऱ्यावर काही विशेष करतोय असा भावसुद्धा नव्हता.

जाता जाता कूलरचं सांगितलंत, ते तर अख्ख्या नागपूरला सांगायला हवं. आपल्याकडे मार्च संपला की घरोघरी वाळ्याचे पडदे लावलेले कूलर सुरू होतात आणि आपण नेमकं त्या गार झोतासमोर बसून रियाज करतो. माणसाला बरं वाटतं, वाद्याचे हाल होतात. घराबाहेर रखरखीत कोरडं, कूलरपुढे दमट, आणि पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, बिचारी दिवसातून दोनदा ताणते, दोनदा ढिली पडते. पेटीचं लाकूडही तसंच, कोरड्याने आकसतं, ओलीने फुगतं, मग पट्ट्या अडकतात. आता आमच्या वर्गात कूलरचं तोंड भिंतीकडे असतं. आम्ही घामाघूम होतो, तबला सुखात असतो.

पेटीची गोष्ट तर लिहायलाच हवी. मंडळाची पेटी जुनी. कोणी दिली, केव्हा दिली, यावर आमच्यात दोन पक्ष आहेत. भाता दाबला की हवा सगळीकडून जायची, फक्त सुरातून जायची नाही. मधल्या सप्तकातला एक सूर मुका होता आणि दुसरा बोट उचललं तरी रडत राहायचा. ही मोडीत द्यायची आणि दिवाळीच्या सेलमध्ये नवी घ्यायची, असं ठरवून आम्ही ती रिक्षात घालून आणली. तुम्ही वरची जाळी काढली, पट्ट्यांचा सांगाडा उचलला आणि आत फुंकर मारली. निघालेल्या धुळीत एक टिकली होती. कोणाची, ते अजून कोणी कबूल केलेलं नाही.

मग तुम्ही जे केलंत ते मी जवळून पाहिलं. पेटीत आवाज काढणाऱ्या पितळेच्या जिभेलाही सूरच म्हणतात. तो एक सूर, करंगळीपेक्षाही अरुंद, तुम्ही त्याच्या खाली पातळ पत्रा सरकवलात आणि टोकाजवळ एवढंसं घासलंत. टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो, आणि जास्त घासलं तर परत येणं नाही. दोनदा घासायचं, बसवायचं, भाता दाबायचा, मान वाकडी करून ऐकायचं, पुन्हा काढायचं. दुकानात चहावाला पोरगा येऊन उभा होता, त्यालाही कळलं की आता बोलायचं नाही. नंतर भात्याच्या कोपऱ्यांवर नवं चामडं लावलंत आणि म्हणालात, "हिचे सूर चांगले आहेत. नवी घ्याल तर ह्या पैशात असे मिळणार नाहीत. ठेवा." म्हणजे सेलमध्ये पेटी विकायची सोडून आमच्याकडून फक्त चामड्याचे आणि मजुरीचे पैसे घेतलेत.

त्याच वेळी काम करता करता तुम्ही सांगितलं होतं की १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी सलग मींड तिच्यातून निघत नाही, स्वर जागच्या जागी ठोकळ्यासारखे, अशी तक्रार होती. हे ऐकून आमच्या पेटीवाल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे ३१ वर्षं माहेरी बसवून ठेवली होती!" तुम्ही एवढे हसलात की हातातला सूर खाली पडला. आम्ही सगळ्या जमिनीवर बसून तो शोधत होतो.

तुमच्या दुकानाचं वर्ष पंचांगाप्रमाणे चालतं आणि ते आता आम्हालाही पाठ झालं आहे. आषाढीच्या आधी काटोल, सावनेर, उमरेडकडची भजनी मंडळं येतात. त्या दिवसांत पुडी बदलायची आणि टाळ ओवायची मजुरी माफ, फक्त सामानाचे पैसे. गणपतीत सवलत नाही, आणि ते तुम्ही लपवत नाही. ढोल-ताशा पथकातली पोरं घासाघीस करायला लागली की सरळ सांगता, "ह्या महिन्यात मला विकायला जोर लावा लागत नाही, मग सूट काऊन देऊ? जूनमध्ये आले असते तर दिली असती." ह्याला मी तरी प्रामाणिकपणा म्हणते. काही जणी ह्याला उद्धटपणा म्हणतात, तेही नोंदवून ठेवते.

तान्ह्या पोळ्याचं मात्र मनापासून सांगते. आपल्याकडे भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा पोरांचा सण. पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार जातात आणि बोजारा घेतात. कोणी चॉकलेट देतं, कोणी दहाची नोट. तुम्ही नंदीच्या गळ्यात बांधायला घुंगरू देता. गेल्या वर्षी माझा नातू त्याचा नंदी ओढत तुमच्या दारी आला, घुंगरू घेतला आणि जायचं नावच घेईना. फळीवरच्या बासऱ्यांकडे बघत राहिला. तुम्ही विचारलंत, "बोजारा किती जमला?" त्याने मूठ उघडली. त्यातली चिल्लर तुम्ही मोजली नाही, वर बघितलंही नाही, एक बासरी काढून वाजवून पाहिली, ठेवली, दुसरी काढली, वाजवली, ती दिलीत. पहिली का नाही, हे त्याने विचारलं. "ती तुझ्या बोटांना मोठी आहे. भोकं झाकणार नाहीत, मग तू रडशील." घरी आल्यापासून त्या बासरीने आमच्या दुपारच्या झोपेचं खोबरं केलं आहे, त्याबद्दल आभार मानत नाही.

दसऱ्याचंही सांगायला हवं, कारण ते बाहेर फारसं कोणाला माहीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्याच दिवशी, बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दरवर्षी त्या सोहळ्याला लाखो माणसं नागपुरात येतात आणि त्यांच्यासोबत भीमगीतं गाणाऱ्या गायन पार्ट्याही येतात. दोन-दोन दिवसांच्या प्रवासात ढोलकी फुटते, बेंजोची तार तुटते, पेटीचा भाता फाटतो. आणि सणाचा दिवस, बाजार बंद. तुम्ही सकाळी दुकानातल्या वाद्यांना फुलं वाहता, आणि मग दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवता. खूप लांबून आलेल्या एका पार्टीची ढोलकी तुम्ही ताणत होतात, ते आम्ही सोनं द्यायला आलो तेव्हा पाहिलं. कार्यक्रम आठ वाजता होता, घड्याळात सात वाजून गेले होते. तुमच्या मुलाने तीच ढोलकी स्कूटरवर मांडीवर घेऊन, त्या शाहिराला मागे बसवून मंडपापर्यंत पोचवली.

मिरजेच्या तंबोऱ्याचंही असंच. दिवाळीत जुनं वाद्य द्या, नवं न्या, अशी तुमची योजना असते, पण तंबोऱ्यावर पैसा कमी होत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातमीचं कात्रण तुम्ही गल्ल्यामागे चिकटवलं आहे. सूट मागणाऱ्याला बोट करून ते दाखवता. "भोपळा वाळवण्यापासून तारा लावण्यापर्यंत महिने जातात जी. मी सूट दिली तर ती त्या कारागिराच्या ताटातून जाईल." आणि जुनी वाद्यं, जी बदल्यात येतात, ती नीट करून महापालिकेच्या शाळेत जातात, हे आम्हाला तुमच्याकडून नाही, त्या शाळेच्या बाईंकडून कळलं.

आता खंजिरी. हे सगळ्यात मोठं देणं, म्हणून मुद्दाम मागे ठेवलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर उभा विदर्भ जागवला, हे आपण सगळे भाषणात म्हणतो. आमच्या मंडळात मात्र खंजिरी हातात धरता येणारी एकही नव्हती. टाळ आणि फार तर ढोलकी, एवढीच आमची धाव. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून तुम्ही जी मोकळी बैठक भरवता, तिथे कोणी गिटार घेऊन येतो, कोणी निवृत्त मास्तर नाट्यपद म्हणतात, कोणी नुसतं ऐकायला येतं. फी नाही, हार नाही, प्रमुख पाहुणा नाही. भिंतीवर वसंतराव देशपांड्यांचा फोटो, कारण लहानपणी ते आपल्याच नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, याचा तुम्हाला घरच्यासारखा अभिमान. त्या बैठकीत तुम्ही मोझरीकडच्या एका खंजिरीवाल्या बाबांना बोलावलं आणि आम्हाला त्यांच्यासमोर बसवलं.

बाबांनी पहिला दिवस नुसतं धरायला शिकवण्यात घालवला. डाव्या हातात खंजिरी, मनगट सैल. झांजा हलवून वाजवायच्या नाहीत, थापेने आपोआप बोलल्या पाहिजेत. आमच्या झांजा बोलायच्या कमी, भांडायच्या जास्त. पावसाळ्यात वाजवण्याआधी कातडं कसं शेकायचं, तेही त्यांनीच दाखवलं, आणि गॅसच्या किती जवळ न्यायचं नाही, तेही. खंजिऱ्या तुम्ही शिकेपर्यंत वापरायला दिल्या होत्या. एकीने विचारलं, विकत घ्यायच्या का? तुम्ही म्हणालात, "आधी हात बसू द्या. ज्यांचा बसेल त्या घेतील." सहाजणींचा बसला. बाकीच्यांच्या परत घेतल्यात, त्यावरचे हळदी-कुंकवाचे डाग पुसूनसुद्धा घेतले नाहीत.

या कोजागिरीला आमच्या लेआऊटच्या मैदानावर त्या सहाजणी पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाजवणार आहेत. तुम्ही यायचं आहे, काकूंना घेऊन. दूध आटवायला मी आहे, त्यामुळे साखर बेताची असेल, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेवढीच. बाबांना मोझरीहून आणायची गाडी ठरवली आहे.

आणि एक काम आहे. आमच्या ढोलकीचा बायाकडचा, म्हणजे डाव्या तोंडाचा, आवाज बसला आहे, मंगळवारी घेऊन येते. ह्या वेळी मजुरी घ्यायची. नाही घेतली तर दुसऱ्या दुकानात जाणार नाही, पण मागचं गिऱ्हाईक कितीही खोळंबलं तरी मी काउंटरपासून हलणार नाही.

तुमची,
भजन मंडळातली ती जास्त बोलणारी बाई